उंदरांची डावी बाजू

१

वरचा अख्खा कप्पा रिकामा होता आणि एकाही पिंजऱ्याचं झाकण उघडं नव्हतं. उंदीर पळाले असते तर जाळी कुरतडलेली दिसली असती, एखादं झाकण सरकलेलं असतं. इथे कुणीतरी एकेक पिंजरा खाली उतरवला होता, आतले उंदीर उचलले होते आणि झाकणं पुन्हा नीट बसवली होती. पाण्याच्या उलट्या टांगलेल्या बाटल्यासुद्धा काढून सुलट्या ठेवल्या होत्या, पाणी गळू नये म्हणून. चोर मोठा नीटनेटका होता.

बाई दारातच टेकून उभ्या राहिल्या. संस्थेतल्या जनावरांच्या त्या डॉक्टर. नोकरीचं शेवटचं वर्ष चालू होतं आणि गुडघे त्यांच्याआधीच निवृत्त झाले होते. कुठे काही बिघडलं की बाईंना बोलवा, अशी संस्थेत पद्धत पडली होती, कारण एकदा पटापट मरणाऱ्या सशांचं कोडं त्यांनी फरशी पुसायच्या बादलीत नाक खुपसून सोडवलं होतं. तेव्हापासून त्यांची हुशारी त्यांच्याच मानगुटीवर बसली होती. आज मात्र त्यांना कुणाचंही कोडं सोडवायचं नव्हतं, फक्त बसायला खुर्ची हवी होती.

"दुपारी समिती येतेय," सर म्हणाले. हे उंदीर सरांचे होते, म्हणजे त्यांच्या प्रयोगाचे. सरांचा चेहरा इस्त्री मोडलेल्या शर्टासारखा दिसत होता. "आणि नेमके औषधवालेच गेले. खालचे पाणीवाले जागच्या जागी आहेत."

प्रयोग बाईंना तोंडपाठ होता. हाडांच्या पोकळीत जी मऊ मज्जा असते, तिथे रक्त तयार होतं. किरणांचा मोठा मारा बसला की ती होरपळते. उंदीर वाचले तर काही आठवड्यांत त्यांचं रक्त सुधारतं, रिपोर्ट छान येतो आणि सगळे हुश्श करतात. मज्जा मात्र आतून थकलेली राहते ती कायमची. ती सुईने काढून दुसऱ्या उंदरात घातली की खरं कळतं, तिच्यात नव्याने रुजायचा जोर उरलेला नसतो. सरांनी काळ्या उंदरांना तरुणपणीच असा मारा दिला, निम्म्यांना लगेच आपलं औषध टोचलं आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. दीड वर्षानंतर पाणीवाल्यांची मज्जा थकलेली निघाली आणि औषधवाल्यांची तरतरीत. किरणांनी काळे केस पांढरे होतात, ते तेवढे दोन्हीकडे झाले होते. ते थांबवणं औषधाला जमलं नव्हतं. पण औषधवाल्यांपैकी अजून एकही मेला नव्हता, याचा सरांना फार अभिमान होता.

आज समितीने होकार दिला की औषध माणसांना द्यायला सुरुवात होणार होती. काल यादी वाचून दाखवली गेली. पहिलं नाव बाईंच्या नवऱ्याचं होतं. त्यांना पूर्वी एकदा किरणोपचार झाले होते, आता आजार परतला होता. पुन्हा पूर्ण मात्रा दिली तर मज्जा तग धरणार नाही, असं डॉक्टर म्हणत होते. औषधाचा आधार असेल तर देऊ, म्हणत होते. बाईंच्या घरातले सगळे दिवस सध्या या एका वाक्याला टांगलेले होते.

"मामांचंच काम आहे हे," सर म्हणाले. "उंदरांवर जीव आहे त्यांचा. संध्याकाळपर्यंत कबूल झाले नाहीत तर उद्यापासून त्यांना घरी बसवतो. उंदीर शोधा, बाई. समितीला ते दिसले नाहीत तर होकार मिळायचा नाही. माझं जाऊ द्या, पण तुमचं काय?"

२

उंदीरमामा पिंजरे धुवायच्या मोरीपाशी पालथ्या बादलीवर बसले होते. उंदरांना दाणापाणी करण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते, आणि तेही किरणांशिवाय, असं ते स्वतःच सांगायचे.

"माझ्यावर आळ घेतलाय म्हणे," ते म्हणाले.

"घेतलाय खरा. तुम्ही नेलेत का?"

"बाई, मी नेले असते तर खालचेही नेले असते. तेवढ्यांनीच काय पाप केलंय? मी आजवर कधी वरच्या-खालच्यात भेद केला नाही."

बाईंना हे पटलं. मायेने चोरणारा माणूस खालचा कप्पा मागे ठेवत नाही.

"आणखी काही गेलंय?"

"भिजवलेल्या दाण्यांच्या वाट्या गेल्यात. म्हाताऱ्यांना वरचा दाणा ओढून खाता येत नाही ना, म्हणून खाली वाटी ठेवतो. त्या सगळ्या नेल्यात."

म्हणजे उंदीर जिवंत होते आणि ते जिवंत राहावेत अशी चोराची इच्छा होती. बाईंनी मनात दुसरी बाजूही लावून पाहिली. संस्थेचा नियम असा की मेलेलं प्रत्येक जनावर बाईंच्या टेबलावर यायचं आणि त्या ते केसापासून हाडापर्यंत तपासायच्या. ज्याला उंदरांबद्दल काही लपवायचं असेल त्याला ते मारून चालण्यासारखं नव्हतं. त्यांना जिवंतच गायब करावं लागलं असतं.

त्या मामांना घेऊन पुन्हा वर गेल्या आणि एक रिकामा पिंजरा उघडून घरट्याचा कापूस बाहेर काढला. कापसात पांढुरके केस अडकले होते, ते असायचेच. पण त्यात मधून मधून काळेभोर केसही होते. त्यांनी खालच्या कप्प्यातल्या घरट्यातून चिमूटभर कापूस काढला. त्यात एकही काळा केस नव्हता.

"मामा, पांढऱ्या झालेल्या उंदरांच्या घरट्यात काळे केस कुठून आले?"

"त्यांचा एक पाय काळाच राहिलाय की," मामा सहज म्हणाले. "उजवा मागचा. औषधाची सुई तिथेच टोचली होती ना, औषधाचा गुण. तुम्ही नाही पाहिलंत? हां, तुम्ही बरेच महिने वर आलाच नाहीत."

बाई आल्या नव्हत्या हे खरं. दवाखाना, घर आणि तपासणीची खालची खोली, एवढ्यातच त्यांचे पाय संपत होते. औषधाचा गुण, हे शब्द मात्र त्यांना गोड लागले, आणि गोड लागले म्हणूनच त्या सावध झाल्या.

३

किरणांचं यंत्र तळघरात होतं आणि ते चालवणाऱ्याला सगळे बटणराव म्हणायचे, कारण आपण फक्त बटण दाबतो असं तोच चारचौघांत सांगायचा. खरं तर यंत्राचा खिळा न खिळा त्याला माहीत होता.

"किरण दिले त्या दिवशी काय कमी धावपळ झाली, बाई," तो म्हणाला. "सरांची ताकीद होती. किरण बंद झाले रे झाले की औषध आत गेलं पाहिजे, उशीर झाला तर उपयोग नाही. आता उंदीर डबीतून काढायचा, धरायचा, त्याचा पाय शोधायचा, यात किती वेळ जातो. मग चिमणीनेच युक्ती काढली."

चिमणी म्हणजे सरांची विद्यार्थिनी. चणीने लहान आणि सतत काहीतरी टिपत फिरणारी, म्हणून ते नाव. दीड वर्ष उंदरांचं रक्त काढण्यापासून मज्जा मोजण्यापर्यंत सगळं तिनेच केलं होतं.

"कसली युक्ती?"

बटणरावाने फळीवरून एक प्लास्टिकची डबी काढली. उंदीर जेमतेम मावेल एवढी, मागच्या अंगाला खाच. "या खाचेतून उजवा पाय आधीच बाहेर काढून ठेवायचा आणि चिकटपट्टीने धरायचा. किरण बंद झाले की ती तिथल्या तिथे सुई मारायची. एक थेंब वाया गेला नाही."

"पाणीवाल्यांनाही असंच केलंत?"

"पाण्याला कसली घाई, बाई?" बटणराव हसला. "त्यांना आपलं नेहमीसारखं ठेवलं आणि नंतर सावकाश टोचलं. उगाच कशाला जनावराचा पाय ताणायचा?"

बाईंनी डबी हातात घेतली आणि यंत्राच्या खिडकीतून आत पाहिलं. मधे एक लहान चौकोन रंगवलेला होता. त्याच्या चारही बाजूंना जाड, करड्या ठोकळ्यांची कड होती, वरून पुढे आलेली.

"ते काय आहे?"

"शिसं. किरण मधल्या चौकोनातच पडावेत, बाहेर सांडू नयेत म्हणून. त्याच्याखाली काही म्हणजे काही पोचत नाही."

बाईंनी ती डबी चौकोनात ठेवून पाहिली. डबी बरोबर बसली आणि मागची खाच शिशाच्या कडेखाली गेली.

४

जिना चढताना बाई मधेच थांबल्या. गुडघ्यांसाठी थांबल्या असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

बाहेर काढलेला पाय शिशाखाली होता. तिथे किरण पोचलेच नव्हते, म्हणून त्या पायाचे केस काळे राहिले. आणि केस वाचले तर आतल्या हाडातली मज्जाही वाचली असणार. एका पायाची धडधाकट मज्जा पुरेशी असते. ती रक्तावाटे हळूहळू अंगभर पसरते आणि होरपळलेल्या हाडांमध्ये नव्याने वस्ती करते. मग औषधवाल्यांची मज्जा तरतरीत राहायला औषधाचीच गरज होती असं कुणी कशावरून म्हणावं?

पण त्याच पायात सुईही टोचली होती. मामा म्हणाले तसा तो औषधाचा गुण असू शकत होता. बाईंचं मन या दुसऱ्या बाजूला इतकं ओढ घेत होतं की त्यांना स्वतःची लाज वाटली. काळ्या केसांची कड कशी आहे ते पाहिलं की निकाल लागणार होता, आणि त्यासाठी उंदीर हवे होते.

वर व्हरांड्यात समितीसाठी नवा फलक लावला होता. वरच्या ओळीत औषधवाल्या उंदरांचे फोटो होते, खालच्या ओळीत पाणीवाल्यांचे. बाई या फलकासमोरून सकाळीच गेल्या होत्या. आता त्या उभ्या राहून पाहू लागल्या. पाणीवाले कसेही बसले होते, कुणाचं तोंड इकडे, कुणाची पाठ. औषधवाला प्रत्येक उंदीर मात्र डाव्या बाजूने काढला होता. एकाचाही उजवा मागचा पाय दिसत नव्हता.

सर घाईघाईने येत होते. "काही लागलं का हाती? नाहीतर डोंगर पोखरून उंदीरही निघायचा नाही आपला."

"सर, उंदरांचा काळा पाय तुम्ही पाहिला आहे का?"

"कसला पाय? बाई, मी आकडे बघतो. उंदीर बघायला माणसं आहेत."

"हे फोटो कुणी काढले?"

"चिमणीने. परवा. का?"

बाई पुन्हा फोटोंकडे वळल्या. त्यांच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत होती. सकाळपासून सगळे धरून चालले होते की चोर सरांच्या बाजूचा नाही, मामांसारखा भाबडा कुणीतरी आहे. पण काळा पाय हा औषधाचा गुण आहे असं ज्याला वाटतं, तो माणूस तो पाय सर्वांत आधी दाखवील, मोठा करून लावील. लपवील तो, ज्याला खरं कारण कळलंय. आणि उंदीर नाहीसे झाल्याने सरांचं भलं होत नव्हतं, होकार अडत होता. खरं कारण माहीत असलेल्या कुणालातरी हा होकार अडवायचा होता.

५

चिमणी काचसामानाच्या जुन्या कोठीबाहेर उभी होती, जणू राखण करत. बाईंना पाहून ती बाजूला झाली आणि तिने दार उघडलं.

आत खोक्यांवर उबदार कापूस, भिजवलेल्या दाण्यांच्या वाट्या आणि जुन्या पिंजऱ्यांत पांढुरके म्हातारे उंदीर. प्रत्येकाचा उजवा मागचा पाय काळा होता, एकाच पायात मोजा घातल्यासारखा. बाईंनी एकाला अलगद उचललं आणि उजेडाकडे नेलं. औषधाने केस वाचले असते तर सुईच्या जागेभोवती काळं आणि मग हळूहळू फिकट होत गेलेलं दिसलं असतं. इथे मांडीवर सरळ रेघ होती, पट्टी ठेवून मारल्यासारखी. अलीकडे पांढरं, पलीकडे काळं. शिशाची कड जिथे होती तिथेच. बाईंनी दुसरा उंदीर उचलला, मग तिसरा. रेघ तीच होती.

"कधी कळलं तुला?"

"गेल्या आठवड्यात," चिमणी म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "आधी मलाही औषधच वाटलं. मग एका उंदराच्या पायावरची रेघ नीट दिसली आणि शिशाची कड आठवली. पाय बाहेर काढायची युक्ती माझीच ना, बाई."

"मग फोटो?"

"ते तेव्हा भीतीने केलं. दीड वर्षाचं काम आहे. वाटलं, कुणाला दिसणार नाही." तिने नाक पुसलं. "काल यादीत काकांचं नाव ऐकलं. सरांकडे गेले. रेघेचं म्हणून सांगायला लागले तर त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं, म्हणाले, आकडे बघ, उंदरांकडे काय बघतेस? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची होती, ती माझ्याच्याने बांधवली नाही. मग तुमच्याकडे आले, तुमच्या दारापर्यंत. तुम्ही फोनवर होतात. काकांना सांगत होतात, आता थोडेच दिवस, औषध येतंय."

बाईंच्या हातातला उंदीर त्यांच्या बोटांना नाक लावून हुंगत होता.

"मी तुम्हाला कसं सांगणार होते?" चिमणी म्हणाली. "म्हटलं, उंदीरच नसले तर होकार मिळणार नाही, काकांना पूर्ण मात्रा कुणी देणार नाही, आणि कुणाला काही बोलावंही लागणार नाही."

"आणि मामांना घरी बसवणार होते, ते?"

ते तिला माहीत नव्हतं. ती मटकन खोक्यावर बसली आणि रडू लागली. बाईंना तिचा राग यायला हवा होता, पण राग यायलाही अंगात जोर लागतो. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "एक पिंजरा तू घे, एक मी घेते. तुझं तू सांगायचं. अडखळलीस तर मी आहे."

६

समितीच्या टेबलावर बाईंनी पिंजरा ठेवला तेव्हा सर सुटकेने हसले. चिमणी बोलू लागली तसं ते हसू कमी होत गेलं. दोनदा ती अडखळली. दोन्ही वेळा बाईंनी नुसता उंदीर उचलून उजवी बाजू समितीकडे केली, तेवढं पुरलं.

सरांनी तो उंदीर आपल्या हातात घेतला. बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी स्वतःचा उंदीर हातात घेतला असावा, कारण त्यांना तो नीट धरता येत नव्हता. त्यांनी ती रेघ बोटाने चाचपून पाहिली.

"पाणीवाल्यांचे पाय का नाही काढले बाहेर?" त्यांनी हळूच विचारलं.

बोलावून आणलेला बटणराव दाराशी उभा होता. "पाण्याला घाई नसते म्हणून, सर."

कुणी ओरडलं नाही. औषध वाईट ठरलं नव्हतं. ते चांगलं की वाईट हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं, इतकंच सिद्ध झालं होतं. प्रयोग पुन्हा करायचा, सगळ्यांचे पाय आत ठेवून. यादी रद्द झाली. सरांनी जाऊन मामांची माफी मागितली. मामांनी ती स्वीकारली, पण उंदीर आधी जागेवर आणा म्हणाले.

बाहेर पडताना सर बाईंजवळ थांबले. "तुम्हाला माहीत होतं यात तुमचं काय जाणार आहे."

"हो," बाई म्हणाल्या. "औषधाच्या भरवशावर पूर्ण मात्रा दिली असती आणि औषध खोटं निघालं असतं, तर मग काहीच उरलं नसतं, सर." हे खरं होतं. तरी फाटकापर्यंत जाताना त्यांनी तेच स्वतःला दोनदा पुन्हा सांगितलं.

७

संध्याकाळी नवरा खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला माणूस आता खोलीचे चार कोपरे ओलांडताना दमत होता.

"काय म्हणाले उंदीर?" त्यांनी विचारलं. हा त्यांचा रोजचा प्रश्न होता.

बाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. कुठे काही गाळलं नाही, गोड केलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे औषध नाही."

"आहे की नाही ते कळायला पुन्हा दीड वर्ष."

"आपल्याकडे आहे का तेवढं?"

बाईंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. त्यांनी मान हलवली. तीही धड हो म्हणून नव्हती की नाही म्हणून.

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग ते म्हणाले, "आणि ते पाणीवाले? त्यांच्याबद्दलचं सगळं खरं ना? त्यात तर काही चुकलं नाही?"

"नाही. ते खरं आहे. रक्ताचा रिपोर्ट चांगला येतो, पण आतून थकलेले असतात. शेवटपर्यंत."

"रिपोर्ट चांगला, पण थकलेले," त्यांनी शब्द न शब्द पुन्हा उच्चारला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. "म्हणजे मी आळशीपणा करत नव्हतो, अगं."

पहिल्या उपचारानंतरची सगळी वर्षं बाईंच्या डोळ्यांसमोरून गेली. रिपोर्ट उत्तम आहे, आता उठा. मनाचं आहे सगळं, चार पावलं चाला. रोज संध्याकाळी त्या हेच म्हणत आल्या होत्या, मायेनेच, आणि ते हसून काठी शोधत आले होते. आयुष्यभर उंदरांची मज्जा पाहणाऱ्या बाईला घरातल्या माणसाची दिसली नव्हती. त्या तिथेच, पिशवी हातात धरून, रडल्या.

त्यांनी बाईंना रडू दिलं. मग शेजारची खुर्ची पायाने थोडी जवळ ओढली. तेवढ्यानेही त्यांना धाप लागली.

"बस," ते म्हणाले. "तुझा रिपोर्ट कुणी काढत नाही म्हणून तू थकली नाहीस असं थोडंच आहे."

बाई बसल्या. त्या संध्याकाळी फिरायला चला असं कुणी कुणाला म्हणालं नाही.